बावीस ठोक्यांचं फाटक

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं फुशारकी मारता येईल. रेल्वेत सिग्नल मेंटेनर म्हणून माझी पंचवीसच्या वर वर्षं झाली. या काळात किती बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या, ते माझं मलाच आठवत नाही. काही दुरुस्त्या झकास झाल्या, काही कामचलाऊ. फाटकाच्या गुमटीतला, म्हणजे गेटमनच्या खोलीतला, एक टेलिफोन तर महिनाभर माझ्या बायकोच्या केसांच्या पिनेवर चालला. त्यांतल्या एकाही दुरुस्तीनं कुणाचं वाईट केलं नाही. ज्या दुरुस्तीनं मला दरदरून घाम फोडला, ती मात्र अगदी बिनचूक होती. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावी इतकी बिनचूक.

सिग्नल मेंटेनर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. माझ्या मामानं छाती काढून सांगितलं, "पोरगा गाडी थांबवते!" सासरे तिथेच विरघळले. खरी गोष्ट त्यांना लग्नानंतर कळली. मी गाडी थांबवत नाही. गाडी थांबवणाऱ्या खांबाला तेल देतो.

शेगावाहून जाणारी मुख्य लाइन सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर रंगीत दिव्यांचे सिग्नल, विजेची फाटकं, बटण दाबलं की सगळं आपोआप. तिथे माझ्यासारख्या माणसाला फारसा मान नाही. पण त्या लाइनीला एक छोटी फांदी फुटलेली आहे. तिच्यावर दिवसातून मोजक्या गाड्या धावतात, आणि धावतात हा शब्दही जरा जास्तच झाला. कपाशी आणि तुरीच्या शेतांतून त्या रमत-गमत जातात. या फांदीवर एक फाटक आहे आणि ते माझ्या आजोबांच्या वयाचं आहे. तिथे सिग्नल म्हणजे उंच खांब आणि त्याला लावलेला लाल हात. हात आडवा असला तर थांब, खाली झुकला तर ये. हा हात तारेनं ओढला जातो, आणि फाटकाचे दोन्ही दांडे खाली येऊन त्यांना कुलूप लागल्याशिवाय ती तार जागची हलत नाही. जोर लावा, शिव्या द्या, साहेबाला बोलवा, हलत नाही. ज्यानं कुणी हे बनवलं, त्याचा माणसावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच ते अजून चालू आहे.

दांडे वर-खाली करायला एक मोठं चाक आहे आणि त्याला हँडल. विहिरीवर रहाट फिरवावा तसं ते फिरवायचं. चाकाच्या बाजूला उलट्या वाटीसारखी काशाची घंटा आहे. दांडा खाली यायला लागला की चाकावरची लोखंडी खुंटी फिरत येते, हातोडी उचलते आणि सोडते. टण्ण. दांडा वर जाताना हातोडी बाजूला होते, घंटा मुकी राहते. म्हणजे घंटा वाजली की फाटक बंद होतंय, आणि घंटा कधीच खोटं बोलत नाही. वीज नको, बॅटरी नको. मी या घंटेच्या प्रेमात होतो, हे बायकोलाही ठाऊक आहे.

या फाटकावर एकेक नग भेटले. एकदा एका वरातीचा बँड घंटेच्या तालावर असा काही रंगला की फाटक उघडल्यावर नवरदेवाचा घोडा पुढे जाईना. घंटा वाजल्याशिवाय नाचायचं नाही, असं त्यानं ठरवलंच होतं. आणखी एकदा शेळीनं गुमटीत शिरून नंबरांचा कागद खाल्ला. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर एकमेकांना गुपित नंबर देतात, वहीत लिहितात, मगच पुढचं होतं. त्या दिवशी मास्तरांनी नंबर मागितला आणि गेटमननं खरं ते सांगितलं, "साहेब, नंबर शेळीच्या पोटात हाये." पुढचा अर्धा तास स्टेशनवर काय झालं, ते मी इथे लिहीत नाही.

आता फाटकावर रेखाताई आहेत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. कागदोपत्री त्यांचं पद 'गेटमन' आहे, आणि कुणी त्यावरून दात काढले की त्या म्हणतात, "मंग फिरवून दाखव हँडल!" आजवर दोघांनी प्रयत्न केला. दोघेही दुसऱ्या दिवशी खांद्याला मलम लावून हिंडत होते.

आणि होते गुरुजी. म्हणजे आहेत, देवाच्या दयेनं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. घर लाइनीच्या अलीकडे गावात, गुमटीच्या बाजूला. लिंबोणीची बारा झाडं लाइनीच्या पलीकडे. बायको वारलेली, मुलगा बुलढाण्याला कचेरीत कारकून. रोज सकाळी गुरुजी एकटे, हातात काठी घेऊन, फाटक ओलांडून झाडांकडे जात. पिकलेलं लिंबू वासानं ओळखायचे, हिरव्याला हात लावायचे नाहीत. दुपारी परत. कुणी हात धरायला गेलं तर म्हणायचे, "मी काय पयल्या वर्गात हाओ?"

त्यांचं फाटक ओलांडणं हा बघण्यासारखा सोहळा होता. घंटा सुरू झाली की असतील तिथे थांबत. उगाच पुढे जावं आणि दांडा डोक्यावर यावा, हे नको. मग ठोके मोजत. बावीस. बावीस ठोके झाले की दांडा खाली येऊन खांबाच्या खोबणीत बसलेला असे. मग काठी बगलेत धरून, उजवा हात पुढे करून ते चालत निघत. हाताला दांडा लागला की तो धरून उभे राहत. गाडी गेली की दांडा आपण होऊन हातातून वर सरके आणि गुरुजी पुढे. हँडल कुणाच्या हातात आहे, हेही त्यांना ठोक्यांवरून कळायचं. "आज रेखाचं डोकं दुखून राह्यलं," असं म्हणायचे आणि ते खरं असायचं.

हे सगळं मी रोज पाहत होतो. पाहत होतो, पण डोक्यात घेतलं नव्हतं.

एकदा तपासणीच्या आधी मी चाक उघडून साफ केलं. वर्षानुवर्षांचं ग्रीस खरवडलं, तर आत मला काय सापडावं? एका खुंटीच्या बरोबर समोर दुसऱ्या खुंटीचा तुटका बुंधा! मी जुनं पुस्तक काढलं, चित्र पाहिलं. चाकाला दोन खुंट्या हव्यात. एका फेऱ्याला दोन ठोके. म्हणजे आमची घंटा कित्येक वर्षं निम्मीच वाजत होती आणि एकाही मेंटेनरला त्याचा पत्ता नव्हता, मलाही. मला जो आनंद झाला, तो काय सांगू! खामगावच्या लेथवाल्याकडे बसून खुंटी बनवून घेतली. मापात कणभर फरक नाही. रीतसर मेमो दिला, स्टेशनला कळवलं, तिन्ही पाळ्यांच्या गेटमनना दाखवलं, रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं. रेखाताईंनी हँडल फिरवलं आणि घंटा अशी खणखणली, जणू देवळात आरती सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मला काम दुसरीकडे होतं, पण माझी घंटा ऐकण्यासाठी मी वाट वाकडी करून आलो. गुमटीच्या भिंतीला टेकून बसलो आणि डोळे मिटले. गाण्याच्या बैठकीत मिटतात तसे. टण्ण टण्ण, टण्ण टण्ण. अहाहा.

मग रेखाताईंची किंकाळी आली, "गुरुजी! हलू नका!"

डोळे उघडले तर दांडा आभाळात तिरपा, अर्धाच खाली आलेला. आणि गुरुजी त्याच्या पलीकडे, रुळांच्या मधोमध. हात पुढे केलेला. त्या हाताला काहीच लागत नव्हतं.

काय झालं ते तुम्हाला कळलं असेल. मला कळायला तेवढाच क्षण लागला. गुरुजींनी बावीस मोजले होते. आज ठोके जरा घाईत आले, एवढंच त्यांना वाटलं असेल. बावीस झाले, ते निघाले, आणि बाविसाव्या ठोक्याला दांडा अजून त्यांच्या डोक्याच्या किती तरी वर होता. काठी खाली आली आणि रुळाला लागली, लोखंडाचा आवाज झाला. तेव्हा ते थिजले. पुढे जावं की मागे, गाडी कुठून येतेय, काहीच उमगेना. लांबून गाडीची शिट्टी आली.

रेखाताईंनी हँडल अडकवलं आणि त्या धावल्या. माझे पाय त्यांच्या मागून निघाले. त्यांनी गुरुजींना खांद्याला धरून मागे आणलं. मग परत येऊन उरलेला दांडा उतरवला, कुलूप लावलं, तेव्हा कुठे सिग्नलचा लाल हात झुकला आणि तिकडे थांबून शिट्ट्या मारणारी गाडी आली. गाडीपासून गुरुजींना धोका नव्हता, कारण फाटक उघडं असताना तो हात झुकणारच नव्हता. हे मी तुम्हाला आत्ता शांतपणे सांगतोय. तेव्हा मला काही आठवलं नाही. मी फक्त त्यांचा पुढे केलेला हात पाहत होतो.

गाडी का थांबली, याचा खुलासा मागितला गेला. रेखाताईंनी एक ओळ लिहिली: फाटकात माणूस होता. मी त्याखाली लिहिलं: घंटेची दुरुस्ती मी केली, गावाला सांगितलं नाही. साहेबांनी माझी ओळ वाचून विचारलं, "गावाला सांगायचा नियम कुठे आहे?" नियम नाही. म्हणूनच माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी वाजवणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्या दिवसापासून घराबाहेर पडले नव्हते.

"ये, इंगळे," मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले. "ग्रीसचा वास घरात पाय ठेवाच्या आंधी येते तुह्या."

मी सगळं सांगितलं. खुंटी, बुंधा, पुस्तक. ते मान हलवत ऐकत राहिले.

"म्हंजे घंटीले दोन खुंट्या पायजेत, अन् एकच होती."

"हो, गुरुजी."

"अन् मी इतके वर्स अर्धीच घंटी ऐकून राह्यलो होतो!" ते हसले. "अर्धा पाढा म्हनला म्हून मी पोराईचे कान पिळले. माहा कोन पिळन आता?"

"गुरुजी, उद्या सकाळीच खुंटी काढून टाकतो. पहिल्यासारखे बावीस."

"उद्या काढून काय करतं? इलास परवाच येऊन गेला." विलास म्हणजे त्यांचा मुलगा. "त्याले कोनीतरी फोन केला होता. येत्या रविवारी जीप सांगितली त्यानं. दुपारी सामान भरू म्हने, घराले कुलूप लावू, बुलढान्याले चला. तिसऱ्या मजल्यावर घर हाये त्याचं. लिफ्ट हाये म्हने. आता लिफ्ट कुठी पोचली ते मी कशावरून मोजू?"

"तुम्ही नाही म्हणा ना."

"त्याचं काय चुकलं, इंगळे? फोन वाजला का त्याचा जीव घाबरते. मी त्याले काय सांगू? मी रुळात उभा होतो, ते खोटं हाये काय?"

मी म्हणालो, खुंटी काढतोच. मग विलासला भेटून समजावतो.

"नाई," गुरुजी म्हणाले. आवाज एकदम वर्गातला. "खुंटी नाई काढाची. तू काढशीन. उद्या तुही बदली होईन. तुह्या जागी दुसरा येईन, तो तुह्यासारखाच हुशार निंघन. त्याले बुंधा दिसन, तो खुंटी बसवीन. तवा मले कोन सांगन? घंटी बरोबर हाये. चुकलं तं मोजनाऱ्याचं. मले शिकवा लागन."

"चव्वेचाळीस मोजायचे, बस."

"मोजाचं काय! बावीस दुने चव्वेचाळीस, ते तं झोपेत होईन." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हे पाय ऐकत नाईत, इंगळे. त्यायले वाटते, पुढे दांडा नाईच."

रविवारला पाच दिवस होते.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि हे माझ्या साहेबांच्या वाचनात आलं तर त्यांनी हे पान उलटावं. दुरुस्तीनंतर यंत्राची चाचणी घ्यायचा मेंटेनरला अधिकार असतो. रीतसर मेमो द्यायचा, गाडी नसलेल्या वेळात परवानगी घ्यायची. किती वेळा चाचणी घ्यावी, हे कुठे लिहिलेलं नाही. त्या आठवड्यात त्या फाटकाची जेवढी चाचणी झाली, तेवढी ते बसवलं तेव्हाही झाली नसेल.

पहिल्या दिवशी गुरुजी ओठ हलवत उभे राहिले. चव्वेचाळीस झाले, दांडा बसला. ते जागचे हलले नाहीत. पुन्हा दांडा वर, पुन्हा खाली. पुन्हा तेच. हात पुढे यायचा, पाय यायचे नाहीत. रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाहनं थांबायला लागली. एका काळ्या-पिवळ्या जीपवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"काऊन बंद केलं बे? गाडी तं कुठीच दिसत नाई!"

"टेस्टिंग चालू आहे!" मी जितका सरकारी आवाज काढता येईल तितका काढला.

"कशाची टेस्टिंग? आमच्या धीराची?"

दुसऱ्या दिवशीही पाय हलले नाहीत. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गुमटीच्या दिशेनं तोंड वळवलं.

"रेखा, बाई, तू फकस्त 'या' म्हन. एकदाच. तुहा आवाज आला का मी येतो."

मी रेखाताईंकडे पाहिलं. म्हणा ना, असं खुणावलंही. त्यांनी हँडल सोडलं आणि पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "नाई म्हनत, गुरुजी."

"काऊन?"

"माही पाळी बदलली तं तुमाले 'या' कोन म्हनन?"

मला वाटलं, गुरुजी चिडतील.  पण त्यांच्या तोंडावर त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं. "उत्तर बरोबर हाये," ते म्हणाले आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. चव्वेचाळिसावा ठोका वाजला आणि गुरुजींचा उजवा पाय उचलला गेला. एक पाऊल. मग थांबले. मग दुसरं. हॉर्न बंद झाला. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिनही बंद केलं, कुणी न सांगता. तिसरं पाऊल, चौथं, आणि गुरुजींचा पंजा दांड्यावर टेकला. त्यांनी तो दांडा असा चाचपला, जसा एखाद्या वासराच्या मानेवरून हात फिरवावा. रेखाताई पाठ करून उभ्या होत्या आणि हँडलला नसलेली घाण पुसत होत्या.

पण ही चाचणी होती. गाडी नव्हती. खरी गाडी अजून राहिली होती.

रविवारी मला सुट्टी होती. तरी मी सकाळीच फाटकावर हजर. गुरुजी दहाच्या गाडीच्या वेळेला आले, एकटे. "सामान भराच्या आंधी झाडं पाहून येतो," म्हणाले. गुमटीत फोन वाजला. रेखाताईंनी नंबर घेतला, दिला, वहीत लिहिला, आणि हँडल हातात घेतलं. गुरुजी थांबले. घंटा सुरू झाली.

मीही मोजत होतो. वीस, एकवीस, बावीस. गुरुजी स्थिर. पंचवीस. पलीकडच्या बाजूनं एक मोटारसायकल भरधाव आली. हेल्मेट, तोंडाला रुमाल. आपल्याकडे असे शूर रोज भेटतात. दांडा खाली येताना दिसला की त्यांना गाडी दामटायचा जोर येतो. हा गडी मान खाली घालून पलीकडच्या दांड्याखालून घुसला. दांडा त्याच्या पाठीवर यायला नको म्हणून रेखाताईंनी हँडल जागच्या जागी अडकवलं.

घंटा थांबली.

 हे आम्ही शिकवलंच नव्हतं! चाचणीत घंटा कधी मध्येच थांबली नव्हती. गुरुजींना वाटलं की संपले ठोके, तर? वर पाहिलं. दांडा तसाच तिरपा, त्या दिवशीसारखा. हाक मारायला मी तोंड उघडलं. रेखाताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

मग त्या मोटारसायकलवाल्यावर कडाडल्या. "ओ हेल्मेटवाले! दांडा दिसला नाई काय? तिकडं ज्याले दिसत नाई तो मानूस पाहा कसा थांबला हाये, अन् तुमी डोये असून घुसता?"

तो रूळ ओलांडून अलीकडच्या दांड्याखालून बाहेर आला आणि गुरुजींच्या शेजारीच करकचून थांबला. हेल्मेट काढलं. "बाबा!"

रेखाताईंनी जीभ चावली. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक तंतोतंत गुरुजींचं होतं. विलास.

गुरुजींनी त्याच्याकडे तोंडही वळवलं नाही. फक्त डावा पंजा वर केला: बोलू नको. विलास बोलायचा थांबला. रेखाताईंनी हँडल पुन्हा फिरवायला घेतलं. ठोके सुरू झाले. गुरुजींचे ओठ पुन्हा हलायला लागले. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळीस. दांडा बसला. गुरुजींनी काठी बगलेत धरली आणि चालत निघाले. विलासचा हात त्यांना धरायला पुढे झाला, पण मध्येच राहिला. पाच पावलं. हाताला दांडा लागला, त्यांनी तो धरला.

मग मान न वळवता म्हणाले, "इलास, अठ्ठाविसाव्या ठोक्यावर घुसला तू."

विलासनं हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला अडकवलं. 

गाडी आली, गेली. दांडा गुरुजींच्या हातातून वर सरकला आणि ते रूळ ओलांडून झाडांच्या वाटेला लागले. त्यांनी मागे कुणाला बोलावलं नाही. विलास मोटारसायकलपाशी उभा राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला.

मी जवळ जाऊन माझं नाव सांगितलं. खुंटीची सगळी हकीकत सांगितली. तो लालबुंद झाला. "म्हणजे तुमच्या एका खुंटीपायी माझा बाप रुळात उभा होता?"

"हो," मी म्हणालो. यापेक्षा बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

तो गुमटीबाहेरच्या बाकड्यावर बसला. रेखाताईंनी न विचारता त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्यानं तो रिकामा केला. "परतीची गाडी किती वाजता?" त्यानं विचारलं.

"साडेबाराले."

"अन् बाबा?"

"थेच वेळ."

पुढचे दोन तास आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. विलासनं एकदा घड्याळ पाहिलं, एकदा मोबाईल. जीप दोन वाजता येणार होती. साडेबाराच्या सुमारास पलीकडे गुरुजींचं पांढरं धोतर दिसलं, हातातली पिशवी लिंबांनी भरलेली, चाल सावकाश. फोन वाजला. रेखाताईंनी नंबर लिहिला, हँडल धरलं, आणि घंटा सुरू झाली. पलीकडे गुरुजी थांबले.

विलास उभा राहिला. त्याचे ओठ हलताना दिसले. मग बोटं. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्या हातावर आला. मध्येच अडखळला.

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "किती झाले?"

मी पलीकडे बोट दाखवलं. गुरुजी हात पुढे करून चालायला लागले होते.

गाडी आमच्यामधून निघून गेली. शेवटचा डबा सरला तेव्हा ते तिथेच होते, दांडा धरून. रेखाताईंनी कुलूप काढलं, हँडल उलटं फिरवलं. विलासनं खिशातून मोबाईल काढला आणि जीपवाल्याला फोन लावला.

"आज नको येऊ," तो म्हणाला.

मग कधी येऊ, असं पलीकडून विचारलं असावं. विलास रूळ ओलांडणाऱ्या बापाकडे पाहत होता.

"बाबाले विचारून सांगतो."